अडतीस फुटांवरचा दात

तानुबाईच्या विहिरीतून अडतीस फुटांवर दात निघाला तो शुक्रवारी सकाळी, आणि तो कुणाचा हे गावाने दुपारच्या जेवणाआधी ठरवूनही टाकलं. दात वीतभर लांब, चार किलो वजनाचा, वर आडवे उंचवटे. गावच्या देवीने फार पूर्वी एक राक्षस मारून इथेच कुठेतरी पुरला होता, हे प्रत्येकाने लहानपणीच ऐकलेलं. फक्त जागा माहीत नव्हती. ती आता कळली.

देवीने पुरलेला राक्षस उकरून काढायची जबाबदारी कुणी घेईना. खोदणारे वर आले. दाताला लिंबू आणि काळा दोरा बांधून तो पारावर ठेवण्यात आला. रूपचंद मुकादमाने तानुबाईला सांगितलं, की विहिरीतला माल वर ओढायची त्याची यारी सोमवारी पुढच्या गावाला जाईल.

मे महिना संपत आला होता, साल चौऱ्याण्णव. तापीकाठची माती पिवळी आणि मऊ. अर्धवट विहीर पहिल्याच मोठ्या पावसात ढासळते आणि खोदलेलं सगळं बुजतं. तानुबाईने या विहिरीसाठी नवऱ्यामागे वीस वर्षं लकडा लावला होता. तो गेल्यावर चार वर्षांनी तिने स्वतःच पहिली कुदळ मारली होती.

मी तेव्हा जळगावला कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवत असे. वर्गात सात मुलं, त्यातली चार हजेरीपुरती. शनिवारी सकाळी त्या गावचे लीलाधर गुरुजी माझ्या दारात उभे राहिले. त्यांनी भुसावळला डायनासोरचा सिनेमा दोनदा पाहिला होता. दात डायनासोरचाच आहे, राक्षस वगैरे अंधश्रद्धा आहे, एवढं मी लेखी द्यावं, जमल्यास शिक्क्यासह, म्हणजे गाव ऐकेल आणि म्हातारीची विहीर होईल, असं त्यांचं म्हणणं. हेतू इतका चांगला होता, की मी मुकाट्याने एसटीत बसलो.

दात पाहिला आणि एका मिनिटात कळलं. हत्तीची दाढ. तरी मी आधी विहिरीच्या काठाचे थर पाहिले, मग पारावर येऊन समजावून सांगितलं. गुरुजींना म्हटलं, डायनासोर साडेसहा कोटी वर्षांपूर्वी संपले. ही माती त्यांच्या मानाने कालची आहे. गुरुजींचा चेहरा उतरला. गावाला म्हटलं, राक्षस नाही, हत्ती आहे. आपल्या हत्तीचा जुना भाऊबंद, निदान वीस-पंचवीस हजार वर्षांपूर्वीचा.

एवढ्या मोठ्या आकड्यावर वाद होईल असं मला वाटलं होतं. कुणी पापणीही हलवली नाही. चार युगं मोजणाऱ्या माणसांना पंचवीस हजार वर्षं म्हणजे परवाची गोष्ट. शास्त्र इतक्या शांतपणे ऐकणारा वर्ग मला त्याआधी मिळाला नव्हता.

मग पोलीस पाटील हिलाल आबांनी विचारलं, "भाऊ, हत्ती म्हणजे नक्की हत्तीच ना?"

मी म्हटलं, "शंभर टक्के."

आबांनी टोपी काढून दाताला नमस्कार केला. लिंबू आणि काळा दोरा निघाला, हळदकुंकू आलं, नारळ फुटला. जमिनीतून गणपती निघाला होता आणि त्याला कॉलेजच्या माणसाचा दुजोरा होता. पंधरा मिनिटांत मंदिर समिती झाली. अध्यक्ष आबा, खजिनदार नथ्थू वाणी. देऊळ अर्थातच दात निघाला तिथे, म्हणजे विहिरीच्या जागी. सकाळपर्यंत भीतीने बंद असलेली खोदाई आता भक्तीने बंद झाली, आणि त्यातला निम्मा हातभार माझा होता. गुरुजी माझ्याकडे बघत होते. मी चहाकडे बघत होतो.

तानुबाई चहा देऊन मागे उभी होती. ती चहाचा रिकामा कप घ्यायला आली आणि माझ्यासमोर बसली.

"भाऊ, माले येकच सांगा. हाऊ हत्ती आठे कसाले उना व्हता?"

हत्ती इथे कशाला आला असेल ते मी सांगितलं. दात सापडला तिथे गोल गोटे आणि वाळू आहे. गोटे गोल होतात ते वाहत्या पाण्यात. तेव्हा नदीचं पात्र इथून जात असावं. हत्ती पाणी प्यायला आला असेल, चिखलात रुतला असेल, अशी एक शक्यता आहे.

"शक्यता ऱ्हाऊ द्या. त्या गोटास्मा आते पानी शे का नई?"

असल्या थरात पाणी धरून राहतं, हे मी दरवर्षी सात मुलांना लिहून देत होतो. त्यावर कुणाचं काही अवलंबून आहे, असं प्रथमच घडत होतं. मी म्हटलं, "बहुतेक आहे. आणखी सात-आठ फूट जावं लागेल."

ती उठली आणि पारापुढे उभी राहिली. आवाज चढवला नाही.

"आबा, देव तान लागी म्हनीसन आठे उना. तेले पानी पाजानं सोडीसन तेना डोकावर दगडे रचतस का?"

तहानलेल्या देवाच्या डोक्यावर देऊळ रचायचं म्हटल्यावर आबांनी दाताकडे पाहिलं. समितीतल्या दोघांनी मान खाली घातली. रूपचंदने आधी आबांकडे, मग माझ्याकडे पाहिलं. तिचं बोलणं दुरुस्त करायचा मला पूर्ण अधिकार होता. पण तिच्या आणि माझ्या तर्कात एका देवाचाच फरक होता, तो मी तसाच राहू दिला आणि मान हलवली. देऊळ विहिरीच्या बाजूला बांधायचं ठरलं.

मी रात्री गुरुजींकडे मुक्काम केला. रविवारी पूजा करून खोदणारे खाली उतरले. दिवसभर कोरडे गोटे वर येत राहिले. तानुबाई प्रत्येक टोपल्यात हात घालून बघायची, माझ्याकडे मात्र बघायची नाही.

पाचच्या सुमारास एक टोपलं ठिबकत वर आलं. तिने मूठभर ओली वाळू घेऊन गालाला लावली. खालून रूपचंद ओरडला, पाणी चढतंय, उपसायला इंजिन लागेल, लवकर पाठवा.

अख्ख्या गावात चालू इंजिन एकच होतं, नथ्थू वाण्याचं. ते तो सख्ख्या भावालाही देत नसे. तो धोतर सावरत उठला, बैलगाडी जुंपा म्हणाला आणि गाडीची वाट न बघता स्वतःच घराकडे पळत सुटला.