दोनाचे सात झाले

मित्रांनो, अहमदपूरच्या भागवतरावांनी थोरल्या ऋतुजाचं लग्न केलं, ते दोन हजार अठरा साल. मांडव उतरला आणि धाकटी तनुजा बारावीत गेली. तेव्हा तिने मला विकत आणलं. मी तिची मानसशास्त्राची प्रात्यक्षिक वही. आता जुनी झाले आहे, कडा उंदरांनी खाल्ल्या आहेत.

स्मरणशक्तीच्या प्रयोगासाठी तनुजाने आजोबांना, किशनरावांना, समोर बसवलं. घरात त्यांना आबा म्हणत. "म्हातारपणी माही परीक्षा घेऊन राहिली का गं?" म्हणत ते हसले. तिने बारा शब्द वाचले. आबांना दोनच आठवले. जरा वेळाने आबाच म्हणाले, "वाच की आता. कवाचा बसलोय."

घरात हशा पिकला. आबा पहिल्यापासूनच नकल्या, असं भागवतराव म्हणाले. तनुजा हसली नाही. तिने माझ्या पानावर दोनचा आकडा लिहिला आणि आईला, तारामतीबाईंना, सांगितलं की आबांना लातूरला डॉक्टरकडे न्यायला हवं.

कॉलेजात राजशेखर सरांना तो आकडा पटला नाही. बाहेरचे परीक्षक नाही ते विचारत बसतील, म्हणून त्यांनी मागच्या वर्षीची एक वही तिच्यापुढे टाकली. त्यात सात होते.

"सर, पण आबांना दोनच आठवले."

"मार्क आबांना द्यायचे न्हाईत, तुला द्यायचेत."

माझ्या दोनवर पांढरा रंग फासला गेला, वर सात आले. खाली निष्कर्ष आला: स्मरणशक्ती सर्वसाधारण. सरांनी न वाचता सही केली.

तारामतीबाईंनी दवाखान्याचं काढलं, तेव्हा भागवतरावांनी मलाच उघडलं. "हे बघ, सरांची सही हाय. आबा सोंगं करून राहिलेत." तनुजा दारातच उभी होती. खरं बोललं तर मार्क जातील, या भीतीने ती गप्प राहिली. मला तोंड नव्हतं. तिला होतं.

मला पूर्ण गुण मिळाले. पुढच्या वर्षी मुली मला मागून नेऊ लागल्या. नऊ जणींनी माझे सात जसेच्या तसे उतरवले. आपापल्या घरातलं म्हातारं माणूस समोर बसवायची गरज कुणालाच वाटली नाही. मग मी माळ्यावर गेले.

मित्रांनो, वहीला कव्हर घातलं नाही तरी चालेल. पण जे दिसलं तेच लिहा. कुणी खोडायला लावलं, तर गुण जाऊ द्या.

मुली मला नेत होत्या, त्याच हिवाळ्यात आबांना घराची वाट आठवेनाशी झाली. एका सकाळी ते दूध आणायला म्हणून निघाले आणि चार दिवसांनी शिरूर अनंतपाळच्या रस्त्याकडेला सापडले. किशनराव अकरा जानेवारी दोन हजार वीस रोजी वारले.