कोकिचेचे नऊ खड्डे

रविवारी, अठरा एप्रिलला, सकाळी सव्वाआठ वाजता आजोबांच्या अंगणात कोकिचेच्या पांढऱ्या, घंटीसारख्या फुलांचे सेहेचाळीस देठ होते, आणि नऊ खड्डे. प्रत्येक खड्डा अंड्याएवढा. उंदरांनी उकरलं असतं तर माती इकडेतिकडे पसरली असती. इथे ती परत लोटून बोटांनी दाबली होती. आत फडताळावर आजोबांच्या स्मरणशक्तीच्या औषधाच्या डबीत अठ्ठावीसपैकी दहा कॅप्सूल शिल्लक होत्या. एक तारखेपासून रोज एक, म्हणजे आकडा बरोबर होता. आजोबांची नाडी मिनिटाला चव्वेचाळीस होती. सकाळपासून त्यांना दोनदा उलटी झाली होती.

मी प्लोवदिव शहरातून आदल्या रात्री आले होते. रसायनशास्त्राची पदवी घेतल्यापासून घरात कुणाला शिंक आली तरी मला फोन येतो. या वेळी कारण मोठं होतं. डॉक्टर कराजोवांनी सांगितलं होतं, "येत्या शुक्रवारी नाडी पन्नासच्या खाली आली तर औषध बंद. आजोबांना ते झेपत नाहीये."

बंद म्हणजे काय, ते आम्हाला माहीत होतं. औषध सुरू होण्याआधी, डिसेंबरात, आजोबा गोठ्यातून घरी यायची वाट चुकले होते. मला ते त्यांच्या मेलेल्या बहिणीच्या नावाने हाक मारायचे. शेजारच्या मिन्चोकाकांसमोर सोंगट्यांचा पट मांडला, की फासे हातात धरून नुसते बघत बसायचे. जानेवारीत कॅप्सूल सुरू झाली, फेब्रुवारीत मात्रा वाढली, आणि मार्चमध्ये त्यांनी मिन्चोकाकांना पाच-तीन हरवलं. काका तीन दिवस आमच्याकडे फिरकले नाहीत.

एक एप्रिलला मात्रा पुन्हा वाढवली. म्हणून डॉक्टरांना वाटलं, दोष वाढलेल्या मात्रेचा. मलाही तसंच वाटलं असतं. पण आजीला सवय आहे, घरात कुणी आजारी पडलं की भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेला फुली मारायची. फुल्या दहा तारखेपासून होत्या. मात्रा वाढल्यावर नऊ दिवस माणूस ठणठणीत, आणि दहाव्या दिवशी अचानक कसा कोसळतो?

दहापासून अठरापर्यंत फुल्या मोजल्या. नऊ.

मी परत अंगणात जाऊन खड्ड्यांकडे बघितलं. मग स्वयंपाकघरात आले. आजी चुलीपाशी पाठमोरी उभी होती.

"आजी, कोकिचे कुणी खणली?"

"उंदरांनी."

"उंदीर माती दाबून ठेवतात का गं?"

"आमच्याकडचे ठेवतात. नीटनेटके आहेत."

"आजी."

तिने पळी खाली ठेवली. "बरं, मी खणली. माझंच अंगण आहे ना? रोज एक कंद, लिंडनच्या फुलांच्या चहात, वर मध. डॉक्टरीणबाईच तर म्हणाल्या, हे औषध कोकिचेतूनच निघालं. मला काय नवीन सांगतात? अख्ख्या गावाने तुंजा नदीच्या काठी कोकिचेची पानं कापून सरकारी कारखान्याला दिलीत! मी पोरगी असताना पोतीच्या पोती उचललीत. म्हटलं, कॅप्सूलने एवढा फरक पडतो, तर वर ताजंही द्यावं. अजून बरं वाटेल. तुम्ही शिकलेली माणसं आमचंच गवत डबीत भरून आम्हालाच परत देता."

"डबीत मोजून भरतात, आजी. कंदात किती आहे ते कुणी मोजलं? शिवाय त्यात दुसरं विषही असतं. कॅप्सूल एकीकडून, चहा दुसरीकडून, म्हणून तर नाडी खाली गेली."

आजीचे हात ॲप्रनमध्ये गेले आणि तिथेच राहिले. तेवढ्यात मागून आवाज आला.

"कंद?"

आजोबा दाराची चौकट धरून उभे होते. चेहरा पिठासारखा पांढरा, पण नजर सरळ आजीवर. तीस वर्षं ते गावच्या औषधी वनस्पती खरेदी केंद्रात वजनाच्या काट्यावर बसायचे.

"पानं घ्यायची," ते सावकाश म्हणाले. "ओली पानं, माती झाडून. कंद घ्यायचे नाहीत. कंद आला की पोतं परत. एक तर विषारी, आणि दुसरं, पुढच्या वर्षी उगवणार काय?" ते थांबले. आम्हीही थांबलो. "तुझं पोतं मी परत पाठवलं होतं, स्तोयना. खाली कंद भरून आणलेस, वजन वाढावं म्हणून. हिरवा रुमाल होता डोक्याला."

"निळा," आजी म्हणाली.

"हिरवा. भर लोकांत मला गाढव म्हणालीस."

आजीने ॲप्रनने तोंड पुसलं. "हिरवाच होता," ती म्हणाली. "आणि गाढवच होतास. दुसऱ्या दिवशी स्वतः नदीवर येऊन माझं पोतं भरून दिलंस."

"आणि आता म्हातारपणी तेच पोतं परत आणलंस. तेही चहातून."

आजी आधी हसली, मग रडली, मग चहाचं भांडं उचलून मागच्या नाल्यात ओतून आली. खणलेल्या कंदांची राहिलेली पानं तिने चुलीत घातली.

मी डॉक्टरांना फोन लावला. आजीने फोन माझ्या हातातून ओढून घेतला आणि सगळं स्वतः सांगितलं, कंदांच्या आकड्यासकट. मग डॉक्टर म्हणाल्या, "ताबडतोब घेऊन या. आजपासून कॅप्सूल थांबवा, मी सांगेपर्यंत. आणि आजी, तुमच्या अंगणातलं मीठसुद्धा त्यांना मला विचारून द्या."

"मीठ अंगणात उगवत नाही, डॉक्टरीणबाई."

"माहीत आहे मला!"

दोन रात्री आजोबा जिल्ह्याच्या इस्पितळात होते. छातीला तारा लावलेल्या, आणि मिन्चोकाका खिडकीबाहेरून ओरडायचे, "हरायची भीती वाटते म्हणून झोपलायस काय रे?" मंगळवारी उलट्या थांबल्या. शुक्रवारी डॉक्टरांनी मनगट धरलं आणि घड्याळाकडे बघत राहिल्या. आजी खुर्चीच्या कडेवर बसून ओठांनी आकडे मोजत होती, डॉक्टरांच्याही पुढे.

"एकसष्ट," डॉक्टर म्हणाल्या. "औषध चालू ठेवू. मार्चमधली मात्रा, त्याहून जास्त नाही. सकाळी नाश्त्याबरोबर, भरपूर पाणी. चहा..."

"लिंडनचा," आजी म्हणाली. "नुसता लिंडनचा. वर मध."

त्या उन्हाळ्यात मिन्चोकाका आठवड्यातून चार वेळा यायचे आणि बहुतेक वेळा चिडून जायचे. ऑक्टोबरमध्ये स्मरणशक्तीच्या तपासणीत आजोबांना तीसपैकी वीस गुण मिळाले. औषध सुरू होण्याआधी अठरा होते. आजीने ते कॅलेंडरवर लिहिलं आणि भोवती गोल काढला.

कोकिचे फुलली की एका सकाळी देठ मोठ्याने मोजायचे, ही आजोबांची काट्यावरच्या दिवसांपासूनची रीत. औषधाच्या आदल्या वसंतात ते एकोणीसपर्यंत जाऊन तीनदा परत एकवर आले होते आणि मग टोपी काढून घरात निघून गेले होते. पुढच्या वर्षी अठरा एप्रिलला मी पुन्हा गावी होते. आजोबा काठी टेकत वाफ्याच्या एका टोकाकडून निघाले, मी दुसऱ्या टोकाकडून. आजी पायरीवर वाटाणे सोलत बसली होती. या वेळी मनातच मोजायचं, कुणी बोलायचं नाही, असं ठरलं होतं. ते शेवटपर्यंत न थांबता गेले.

"एक्कावन्न," मी म्हणाले.

"बावन्न."

"आजोबा, मी दोनदा मोजलेत."

"मग दोनदा चुकलीस. कोपऱ्यातल्या पाण्याच्या पिंपामागे बघितलंस?"

मी पिंप सरकवलं आणि पुन्हा पहिल्यापासून मोजलं.

बावन्न.