आधी गनला पाणी

लोकांची मुलं अमेरिकेत जाऊन घर घेतात, गाडी घेतात. आमच्या राजदीपनं मशीनगन घेतली. तीही साधीसुधी नाही, जुन्या जमान्यातली विकर्स. तीन पायांवर बसणारी, पाण्यानं थंड राहणारी, जिच्यामागं मी माझी जवानी घालवली ती.

तिकडं ॲरिझोनात अशा हौशी लोकांचं मंडळच आहे म्हणे. जुन्या मशीनगनी शोधायच्या, सरकारदरबारी रीतसर नोंद असलेल्या विकत घ्यायच्या, घासूनपुसून चालू करायच्या, आणि सुट्टीच्या दिवशी वाळवंटात नेऊन मोडक्या फ्रिजवर गोळ्या झाडायच्या. बायकापोरं सोबत, डबे सोबत. राजदीपनं पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी म्हणालो, "आमाले सरकार त्याचा पगार देत होतं रे, अन् तू घरचे पैसे जाळून राह्यला?" तो हसला. वरवर रागावलो, पण आतून मला गुदगुल्या होत होत्या. हे खूळ त्याच्या डोक्यात मीच भरलं होतं. बाकीचे बाप पोरांना राजाराणीच्या गोष्टी सांगायचे, मी आमच्या पलटणीतल्या उस्तादांच्या शिव्या सांगायचो.

माझं नाव उकंडा. आधीची दोन भावंडं जगली नाहीत म्हणून आईनं मला जन्मल्याबरोबर उकिरड्यावर ठेवून उचललं आणि हे नाव दिलं. जगलो, अजून जगतोच आहे. आमचं गाव महागाव तालुक्यात, आणि गावाला लागून हिरासिंगचा तांडा. मी बौद्धपुऱ्यातला, तो बंजारा. दोघं एकाच वर्षी शाळेत नापास झालो आणि एकाच दिवशी दिग्रसला भरतीच्या रांगेत उभे राहिलो.

पलटणीत दोघांना एकच गन मिळाली. मी नंबर एक, म्हणजे गन चालवणारा. तो नंबर दोन. नंबर दोननं गनच्या उजव्या बाजूला पडायचं आणि गोळ्यांचा पट्टा सरळ धरायचा, म्हणजे गन अडकत नाही. एकाहत्तरच्या डिसेंबरात, पश्चिमेच्या सीमेवर, पोटात तोफगोळ्याचा तुकडा घुसून हिरासिंग माझ्या शेजारीच गेला. त्या दिवसाबद्दल मला पदक मिळालं.

लढाई संपून रजेवर आलो तेव्हा आधी तांड्यात गेलो. लोक विचारत होते, कसा गेला, कुठं लागलं, काय बोलला. त्याच्या आईनं यातलं काहीच विचारलं नाही. ती म्हणाली, "मरतानी माह्या लेकराले पाणी भेटलं का रे, बाप्पा?"

तिच्यामागं जमनी उभी होती, हिरासिंगची बायको. सतरा-अठरा वर्षांची, लग्नाला वर्षही झालेलं नव्हतं. ती रडत नव्हती, नुसती माझ्या तोंडाकडं बघत होती.

"भेटलं, याडी," मी म्हणालो. याडी म्हणजे त्यांच्या बोलीत आई. मीही तिला तेच म्हणायचो. "म्या माह्या हातानं पाजलं. बाटलीभर पेला अन् मंगच डोये मिटले."

म्हातारीनं माझे दोन्ही हात धरून कपाळाला लावले. त्या दिवसापासून मी त्या घरचा झालो.

जमनीनं पुन्हा लग्न केलं नाही. सासूला सांभाळलं, शेत सांभाळलं, बकऱ्या पाळल्या. सासू गेली, तिचं सगळं एकटीनं केलं. मला ती भिया म्हणते, म्हणजे भाऊ. कोणी नवखं आलं की ओळख करून देते, "ह्या भियानं पाजलं माह्या माणसाले पाणी." चौपन्न वर्षं हे ऐकतो आहे. दर वेळी नजर चुकवतो आणि दर वेळी बरंही वाटतं. माणूस इतका निर्लज्ज असू शकतो. माझी बायको जाऊन नऊ वर्षं झाली. राजदीप तिकडचाच झाला. रविवारी सकाळी जमनीच्या अंगणात चहाला जायचं, एवढंच माझं गणगोत उरलं होतं. ते तुटलं तर मला हाक मारणारं कोणी नाही, हे मी रोज स्वतःला सांगायचो, आणि म्हणून खरं सांगायचं रोज टाळायचो.

यंदा एप्रिलमध्ये राजदीपचा फोन आला. "बाबा, गन चालू झाली. रविवारी सकाळी सात वाजता काकूकडं जाऊन बसा. हिरासिंग काकाच्या नावानं पहिला पट्टा चालवतो. काकूले पण दाखवा."

मी नको म्हणायला पाहिजे होतं. पण एवढ्या वर्षांनी ती गन डोळ्यांना दिसणार म्हणून मला हुरूप आला होता. चांगली दाढी केली, धुतलेला सदरा घातला आणि नवरदेवासारखा तांड्यात गेलो.

जमनीनं खाट बाहेर काढली. उशीला टेकवून मोबाईल ठेवला. तिकडं शनिवारची संध्याकाळ होती, उन्हं उतरली होती, लाल माती आणि मागं बोडके डोंगर. आणि मधोमध ती. जाड नळकांडं, पितळी झाकण, मागच्या दोन लाकडी मुठी. माझे अंगठे आपोआप हलले. मी म्हातारा झालो, दात गेले, आणि ही बया तशीच्या तशी.

"हेच ते, जमने," मी म्हणालो. माझा आवाज चढला होता. "ह्या मुठी धरायच्या, अंगठ्यानं दाबायचं."

"अन् हे कुठी राहत होते?" तिनं विचारलं. नवऱ्याचं नाव तिनं कधी घेतलं नव्हतं.

"इथं. उजव्या अंगाले. माह्या खांद्याले खांदा लागे त्याचा."

तिनं काचेवर त्या जागी बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही.

"नमस्कार, काकू!" राजदीप समोर आला. टोपी, काळा चष्मा, पोट सुटलेलं. "आता पहिले हिले पाणी पाजतो, पाहा." त्यानं नळकांड्याचं बूच काढलं आणि पिण्याच्या पाण्याच्या बाटल्या एकामागून एक त्यात ओतायला लागला. जमनी ओठ हलवत मोजत होती. आठ बाटल्या गेल्या.

"एवढं पाणी कायले लागते बाप्पा हिले?"

"लागते न, काकू. नाही टाकलं तर नळी तापून लाल होते अन् गन बंद. चालवता चालवता पाणी उकळते, वाफ होऊन उडते. मंग पुन्हा टाका लागते."

"अन् लढाईत पाणी सरलं तर?"

माझा हात मोबाईलकडं गेला, पण तोवर उशीर झाला होता. पोरगं आपल्या बापाची शिकवण म्हणून दाखवायला उतावीळ झालं होतं.

"मंग जवानाच्या बाटलीतलं टाकाचं. बाबाच सांगतात न, त्यायच्या उस्तादाचं वाक्य. पहले गन पिएगी, बाद में जवान!"

तो हसत हसत गनमागं बसला. त्याच्या मित्रानं पट्टा धरला आणि गन सुरू झाली. मोबाईलमधून तो आवाज पत्र्यावर गारा पडाव्यात तसा येत होता. अंगणातल्या बकऱ्या बिचकल्या. चौपन्न वर्षं ज्या आवाजासाठी माझे कान आसुसले होते, तो मला ऐकवेना. जमनी गनकडं बघतच नव्हती. ती माझ्याकडं बघत होती.

"कशी वाटली, बाबा?"

"बेस्ट," मी म्हणालो आणि फोन बंद केला.

जमनीनं चहा ठेवला नव्हता. ती खाटेच्या दुसऱ्या टोकाला बसली.

"त्या दिवशी किती वेळ चालली गन?"

"सकाळपासून. दुपार झालती."

"पाणी कुठून आणलं?"

खोटं तयार होतं. जवळ कॅनॉल होता, पोरं डबे भरून आणत होती, असं म्हणालो असतो तर कदाचित तिनं मानलंही असतं. तोंड उघडलं, आणि तिच्या चेहऱ्याकडं बघून ते बाहेर पडेना. खोटं बोलायची ताकदच संपली होती.

मग मी तिला सांगितलं. वाफेचं पाणी परत साठवायचा डबा आमच्याकडं होता, त्याला तुकडा लागून भोक पडलं. त्याच तोफगोळ्याचा दुसरा तुकडा हिरासिंगच्या पोटात गेला. मागून पाणी घेऊन येणारे दोघं वाटेतच पडले. समोरून माणसं चालून येत होती. गनमधलं पाणी आटलं, नळी जळायला आली. माझी बाटली मी आधीच ओतली होती. हिरासिंग म्हणाला, "याडी, पाणी." मग माझ्याकडं बघून परत म्हणाला, "उकंड्या, पाणी." त्याच्या कमरेला त्याची बाटली होती, जवळजवळ भरलेली. ती मी त्याच्या कमरपट्ट्यातून सोडवली आणि त्याच्या डोळ्यांदेखत गनमध्ये ओतली. सगळी. ओठ ओले करण्याएवढीही ठेवली नाही.



"मंग डॉक्टर म्हणत होते, पोटात लागलं का पाणी देतच नसते," मी म्हणालो. ते खरं होतं. पण सांगताना मला माझीच शिसारी आली, कारण त्या वेळी मी असला काही विचार केला नव्हता. मला गन जगवायची होती.

"त्यायनं पाह्यलं, तुमी ओतलं ते?"

"पाह्यलं."

"काय म्हणले?"

"काहीच नाही. पट्टा धरून होता. तासभर होता, जमने. मरतानीही पट्टा सरळच होता त्याच्या हातात."

आता मी रडायला लागलो होतो. इतकी वर्षं एकट्यानं रडलो, तिच्यासमोर पहिल्यांदाच. तिनं मला रडू दिलं. समजावलं नाही, आणि हाकललंही नाही.

"मंग याडीले काहून खोटं सांगतलं?"

"तिले लय दुख झालं असतं."

"दुख तिचं होतं न, भिया. तुमी कायले वाटून घेतलं?" ती म्हणाली. "तुमाले ठाऊक नाही. सरकारची तार आली, त्याच्या दुसऱ्या बाजाराले याडीनं महागावातून रांजण आणला. डोक्यावर. म्हणे, लेकरू तहानेलं गेलं असंन तर फाट्यावर ठेवीन, आल्यागेल्याले पाजीन, मंग त्याले पोचंन. मी म्हणलं, पहिले भियाले इचारू. म्हणून तिनं तुमाले इचारलं होतं."

मला ते खरंच माहीत नव्हतं.

"तुमी म्हणलं, पाणी पेला. मंग कायले ठेवाचा? त्यात आमी जवारी भरली." तिनं घराच्या आत, अंधाऱ्या कोपऱ्याकडं बोट केलं. "तो पाहा. त्यातलीच जवारी काढून मी आजलोक खाल्ली. याडी मरतानी मले म्हणली, जमनी, माह्या पोराले काही कमी त नाही न? मी म्हणलं, नाही याडी, ते पाणी पिऊन गेले."

ती उठली आणि आत गेली. एक जुनं लुगडं जमिनीवर अंथरलं आणि वाटीनं रांजणातली जवारी काढू लागली. एक वाटी, दुसरी वाटी. गुडघे दुखतात तिचे, नीट बसताही येत नव्हतं. मी मदतीला पुढं झालो.

"तुमी हात नका लावू."

मी अंगणात उभा राहिलो. तिनं पुतणसुनेला, अंजूला हाक मारली. दोघींनी रांजण घासला, धुतला, हातगाडीवर ठेवून फाट्यावर नेला आणि लिंबाखाली तीन दगडांवर बसवला. बोअरपासून फाट्यापर्यंत सहा खेपा झाल्या. मीही मागं मागं गेलो. मला कोणी बोलावलं नव्हतं, पण घरी तरी कोणाकडं जाणार होतो?

दहा वाजून गेले होते, ऊन कडक झालं होतं. पुसदकडून येणारी एसटी फाट्यावर थांबली. एक अनोळखी बाई उतरली, कडेवर लेकरू, घामानं निथळलेली. जमनीनं पेला भरून तिच्या हातात दिला. बाई घटाघटा पिऊ लागली तशी जमनी मोठ्यानं म्हणाली, "हिरासिंग." त्या बाईला काही कळलं नाही. तिनं पेला परत दिला, हात जोडले आणि गावाकडं चालू लागली.

जमनीनं पेला विसळून पुन्हा भरला आणि रस्त्याकडं बघत बसली. मी चार हातांवर उन्हात उभा होतो. माझा घसा कोरडा पडला होता. तिनं मला विचारलं नाही, आणि मागायला माझं तोंड नव्हतं.