मर्टलच्या फाटकाशी

ओरिनने ब्रेकचे पेडल तळापर्यंत दाबले आणि हवेच्या दाबाच्या काट्यावर नजर रोवली. आगीच्या जुन्या बंबाखाली पाठीवर पडलेला ड्वेन नव्या नळ्यांच्या जोडांवर साबणाचा फेस फासत होता. हवा निसटत असेल, तिथे बुडबुडा येणार.

"पाय हलवू नकोस, म्हाताऱ्या!"

"म्हातारा कुणाला म्हणतोस? तू माझ्याहून मोठा आहेस, लेका!"

दोघे अग्निशमन दलातून कधीच निवृत्त झाले होते. पण चार जुलैच्या, स्वातंत्र्यदिनाच्या मिरवणुकीत जुना लाल बंब ओरिनच चालवायचा. यंदा दलाच्या प्रमुखाने बजावले होते, की ब्रेकच्या चिरलेल्या नळ्या बदला, नाहीतर बंब ट्रेलरवर चढवून नेऊ. ड्वेनला त्या कल्पनेनेच संताप आला होता.

ओरिनची घाई वेगळी होती. चर्चच्या उतारावर मर्टल राहायची. नवरा गेल्यापासून दर मिरवणुकीला ती सरबताचा पेला घेऊन फाटकाशी उभी राही आणि म्हणे, "थांब की जरा!" ओरिन घंटा वाजवत ओरडे, "उतारावर ब्रेक धरत नाही गं!" ते खरेच होते. पण थांबून बोलायचे काय, या धास्तीपोटी त्याला ते बरेही वाटे. यंदा मात्र त्याला थांबायचेच होते.

"बुडबुडा!"

ओरिनने पेडल घट्ट दाबून धरले. खाली पाना करकरला. पुन्हा फेस. काटा जागचा हलला नाही.

"धरलं रे, धरलं!" ड्वेन ओरडला. ओरिनने आनंदाने घंटाच बडवली. ड्वेनने चाकाखालचा लाकडी ठोकळा काढून बंबावर टाकला. मिरवणुकीत चालक खाली उतरणार असेल तेव्हाच तो लावायचा, हा दलाचा नियम.

दुसऱ्या दिवशी मिरवणुकीत बँडमागून बंब उताराला लागला; ड्वेन शेजारीच बसला होता. मर्टल फाटकाशीच होती. सवयीने ओरिनचा हात घंटेच्या दोरीकडे गेला. मग त्याने तो मागे घेतला आणि ब्रेक दाबला. बंब जागच्या जागी थांबला. मागचे ट्रॅक्टर, घोडे, सायकलवरची पोरे, सगळी मिरवणूक खोळंबली.

मर्टल धावतच आली.

"अगं बाई! ब्रेक बिघडले की काय?"

ओरिनने टोपी काढली. रात्रभर घोकलेले एकही वाक्य आठवेना.

"नाही," तो म्हणाला. "दुरुस्त झाले."

मर्टलने हातातला पेला त्याच्यापुढे धरला. ड्वेन खाली उतरला आणि त्याने चाकाखाली ठोकळा सरकवला.