गोदाआयेचं नाव

तिन्हीसांजेला मागच्या दारी विळीवर बांगडा धरला की गुणवंतीला सासूचा आवाज यायचा. हाक नव्हे, ओरडणं नव्हे. आपलं शेजारी बसून विचारावं तसं.

"काय गो, नाव घेतलान काय वकिलान माझा?"

गोदाआये जाऊन वर्ष उलटलं होतं.

झालं होतं असं. जेटीवर जाळ्यावरून मारामारी झाली, एकाच्या दंडावर कोयता बसला आणि त्यात गुणवंतीच्या नवऱ्याला, शिवाला गोवलं. शिवा म्हणत होता, मी घरात तापाने फणफणत पडलेलो. पण ते पाहणारं माणूस एकच, त्याची आई. गुणवंती तेव्हा लेकीच्या, दिशाच्या वेळी बाळंतपणाला आंजर्ल्याला, माहेरी. बाजारात भल्याभल्या गिऱ्हाइकांना पाणी पाजणारी गोदा साक्षीदाराच्या पिंजऱ्यात लटपटली, पण बोलली. तरी शिवाला शिक्षा लागली.

मग अपील. नवा वकील शिवाला तुरुंगात भेटायलासुद्धा गेला नाही. सुनावणीला सासूसुना मागच्या बाकावर बसल्या होत्या. वकील इंग्रजीत काय ते चार शब्द बोलला आणि खाली बसला. सगळ्यात गोदेचं नाव काही आलं नाही. तेवढं गुणवंतीला कळलं.

कोर्टाच्या पायऱ्या उतरताना गोदेने विचारलं, "नाव घेतलान काय माझा?"

म्हातारी पायरीवरच थांबली. गुणवंतीला राहवेना. "घेतलान ना, आये! जज्ज मान हलवीत होता." वर पदरची भरही घातली.

अपील फेटाळलं गेलं. गोदा ओटीवर बसली ती उठेचना.

"म्हणजे माझा आयकलान," ती म्हणाली, "आणि खोटा ठरवलान."

गुणवंतीच्या तोंडापर्यंत खरं आलं होतं. पण आता सांगायचं तरी कुठल्या तोंडाने? उद्या सांगू, उद्या सांगू म्हणता म्हणता म्हातारीने अन्न सोडलं आणि गेली.

दहाव्याला कावळा शिवेना. माडाच्या झावळीवर बसून नुसता बघत राहिला. शिवाला सुट्टी मिळाली नव्हती, म्हणून चुलतदीर रितेश विधीला बसला होता. तो हात जोडून म्हणाला, "काकी, शिवाला सोडवतो." कावळा हलला नाही. "दिशाला शिकवतो." नाही. आयेचं कशात अडकलंय ते गुणवंतीला पक्कं ठाऊक होतं, पण चार माणसांत तोंड उघडवलं नाही. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून शिववला. त्या दिवसापासून तो आवाज.

पुढे शिवाने तुरुंगातूनच अर्ज केला: वकिलाने मला विचारलं नाही, माझं म्हणणं मांडलंच नाही, माझं अपील पुन्हा ऐका. सरकारी मदतीतून मनस्विनी नावाची तरुण वकील मिळाली. कागद वाचून तिने गुणवंतीला बोलावून घेतलं.

"वहिनी, आधीच्या वकिलांनी अपिलात लिहून दिलंय, आमच्या बाजूने साक्षीदारच नाही. मग गोदाबाई कोण?"

गुणवंती रडली नाही. एवढंच म्हणाली, "मॅडम, आईंचा नाव घ्याल ना? मोठ्यान घ्या."

सुनावणी कोल्हापूरला उच्च न्यायालयात, पण मनस्विनी रत्नागिरीतल्या आपल्या ऑफिसातूनच कॉम्प्युटरवर हजर झाली. पडद्याच्या एका चौकटीत न्यायाधीश, एका चौकटीत तुरुंगातला शिवा. शेजारच्या खुर्चीत गुणवंती, पदर तोंडाशी धरून.

मनस्विनीने साक्ष वाचली. मोठ्याने, मराठीत, लिहिली होती तशी.

"माझे नाव गोदा धोंडू. धंदा मासेविक्री. त्या दिवशी मुलगा घरीच होता. त्याला ताप होता. मी त्याला पेज भरवली. त्याने वर मीठ मागितले."

मीठ म्हणताच चौकटीतल्या शिवाने तोंड ओंजळीत घेतलं.

"हे अपिलाच्या कोर्टापुढे आलंच नाही?" न्यायाधीशांनी विचारलं.

"नाही, साहेब. कुणी वाचलंच नाही."

निकाल झाला: अपील पहिल्यापासून ऐकायचं. शिवा मात्र तोवर आतच.

संध्याकाळी गुणवंतीने केळीच्या पानावर भात वाढला, वर बांगड्याचा डोक्याकडचा तुकडा, म्हातारीच्या आवडीचा. पान परसातल्या दगडी गडग्यावर ठेवलं.

"आये, तेव्हा नाव नव्हता आला. मी खोटा बोलले. तुला कुणी खोटा ठरवला नव्हता गो, तुझा कुणी आयकलाच नव्हता. आज आयकलानी."

कावळा झावळीवर होता. मान वाकडी करून बसला आणि काळोख पडता पडता उडून गेला.

सकाळी पान चाटूनपुसून लख्ख.

"आई, मांजरीन खाल्लान," दिशा म्हणाली. "मी बघितलं ना! काटापण नाय ठेवलान."

गुणवंतीला हसू फुटलं. कितीतरी दिवसांनी.

तिन्हीसांजेला ती विळी घेऊन मागच्या दारी बसली. हात मासळीवर, कान मागे. माड हलले, थांबले. वाटलं, सुटली म्हातारी.

तोच शेजारून, अगदी कानाशी:

"मग शिवा कधी येतो गो?"

गुणवंतीने विळीवरचा हात थांबवला. मागे वळून मात्र पाहिलं नाही.

"माहीत नाय, आये," ती म्हणाली. "कळला की खरा काय ता सांगेन."