रुपयावरची साय

कीर्तिकरांनी भिंग डोळ्याला लावलं आणि दोन बोटांत कडेनेच धरलेला रुपया उजेडाकडे वळवला. पडवीत कुणी हललं नाही. दयाराम तर हातातली बिडी ओढायचंही विसरला होता. दाराआड उभ्या असलेल्या त्याच्या बायकोने, सत्यवतीने, पदराचं टोक मुठीत आवळलं. तो राणीछाप रुपया तिच्या आईने लग्नात तिच्या ओटीत घातला होता. आई गेली, भाऊ दुरावले. माहेरचं म्हणावं असं तिच्याकडे एवढंच उरलं होतं.

"मुकुटातला मोती न् मोती दिसतोय," कीर्तिकर म्हणाले. सरकारने आणे मोडीत काढून नवे पैसे आणले, तेव्हापासून हे गृहस्थ मुंबईहून लाँचने मोऱ्याच्या बंदरात उतरत आणि उरणच्या गावोगाव जुनी नाणी शोधत हिंडत. "हा बाजारात फिरलेलाच नाही."

"पन काला पडलाय, सायेब," दयाराम चाचरत म्हणाला. "चिंच लावून चकचकीत करून देऊ का?"

"हात लावू नका!"

कीर्तिकर इतक्या जोरात ओरडले की अंगणातली कोंबडी फडफडली. मग त्यांनाच ओशाळल्यासारखं झालं.

"अहो, हा मळ नव्हे. दुधावर साय धरते ना, तशी जुन्या चांदीवर ही झाक धरते. रुपया झिजला की किंमत उतरते. कडी लावून गळ्यात घातला की आणखी उतरते. आणि घासला की संपलाच, मग सोनाराने वितळवायचा. हा असाच ठेवा. येत्या रविवारी रोख तीनशे देतो."

दयारामला मीठ वाहणाऱ्या मचव्यात भागी मिळत होती, ती एवढ्याच पैशांसाठी अडली होती. दुसऱ्याच्या मिठागरात उभं राहून त्याच्या टाचा चिरल्या होत्या. त्याचंही काही चुकत नव्हतं, हीच तर पंचाईत होती. सत्यवतीला मात्र कुणी विचारलं नाही.

"बरा झाला, जाऊ दे," कोपऱ्यात सुकट निवडत बसलेली तिची सासू, सोनूबाई म्हणाली. "दर दिवालीला घरातला सगला पैका घासून पुजायचा, नि हिचा रुपया हिच्या पेटीत! आमचा देव चालत न्हाय माहेरच्या रुपयाला."

सासूच्या जिभेला हाड नव्हतं. तिच्या कानांच्या पाळ्या लोंबलेल्या होत्या. भोकं होती, दागिना नव्हता. तो सासऱ्याने होडीसाठी विकला होता, आणि पुढे होडीही राहिली नाही.

रुपया कापसात गुंडाळून दयारामने देवामागच्या कोनाड्यात ठेवला. शनिवारी दुपारी घरात कुणी नाही असं पाहून सत्यवतीने चिंच कोळली आणि वाटी घेऊन ती कोनाड्यापाशी गेली. एकदा घासला की रुपया तिचाच. कापूस उलगडलाही. पण डोळ्यांपुढे दयारामच्या टाचा आल्या आणि हात पुढे जाईना. तेवढ्यात पडवीत पाऊल वाजलं. तिने घाईने कापूस गुंडाळला आणि सगळा कोळ कालवणात ओतला.

कालवण तोंडात घेववेना. दयाराम आनंदात होता, तो मुकाट जेवला. सोनूबाईने मात्र बोट चाटलं, कोनाड्याकडे पाहिलं, मग सुनेकडे पाहिलं.

"चिंच लय झाली," एवढंच ती म्हणाली.

रविवारी कीर्तिकरांनी कापूस उघडला आणि भिंग खिशातून काढलंच नाही. रुपया नव्या भांड्यासारखा लखलखत होता.

"कुणी घासला?"

दयाराम गर्रकन सत्यवतीकडे वळला. त्याचा हात अर्धा वर आला होता. तिने घासला नव्हता. पण मनात तर आणलंच होतं, म्हणून तिची मान खाली गेली.

"मी घासला," सोनूबाई म्हणाली. "घरातली लक्ष्मी भायेर चालली. पोरीला सासरी धाडताना न्हाऊ घालून धाडतात, का पारोशी?"

"आये, सायेबांनी सांगितला व्हता ना!"

"मना म्हातारीला काय कलतं रं?"

कीर्तिकरांना खरंच वाईट वाटलं. "आता नुसत्या चांदीची किंमत," असं पुटपुटत ते लाँच गाठायला निघाले. दयारामने कपाळावर हात मारला. "दैव देतं नि कर्म नेतं," तो म्हणाला. आईवर हात उचलता येत नाही, म्हणून त्याने सुकटीची टोपली लाथाडली आणि तो मिठागराकडे चालता झाला.

सांडलेली सुकट गोळा करायला सत्यवती वाकली, तेव्हा सासूने तिचा हात ओढला, तळव्यावर रुपया ठेवला आणि तिची बोटं मिटवली. सोनूबाईची नखं अजून चिंचेने नि राखेने काळी होती.

"ठेव पेटीत. आता कोन न्हाय मागायचा."

सत्यवतीचे डोळे भरून आले. काही बोलावं म्हणून तिने वर पाहिलं, तर सोनूबाई कानाची रिकामी पाळी चोळत चुलीकडे निघाली होती.

"आन बाजारातून चिंच आन," ती पाठमोरीच म्हणाली. "डब्यातली सगली संपली."