बोरूच्या सहा पत्त्या

टेबलावर बोरूचे चौदा तुकडे होते. त्यांतले पाच उभे चिरलेले, तीन आतून किडलेले. उरले सहा. शेजारी लाकडाच्या दोन नळ्या, प्रत्येकी एक्केचाळीस सेंटिमीटर लांब, पाच-पाच भोकांच्या. जाडी मोजायचा एक व्हर्निअर, एक धारदार चाकू, पाण्याची वाटी.

"सहा पुरतील काय वो काका?" सुदेशने वेल्डिंगचा मुखवटा वर ढकलून विचारलं.

"जोडीला लागतात दोन. चार जादा झाल्या," प्रभाकर घडशी म्हणाला.

कुवेतमधल्या अहमदी शहरातल्या त्या वर्कशॉपमध्ये प्रभाकर सव्वीस वर्षं लेथवर होता. पंप दुरुस्त करणाऱ्या कंपनीत शाफ्ट आणि बुश काढायचे, एवढंच काम. नळ्यांचं ड्रॉइंग घेऊन यूसुफ सर आले तेव्हा मॅनेजरने तेही काम त्याच्याकडेच ढकललं. यूसुफ सर मूळ दापोलीकडचे, पण वाढलेले कुवेतमध्येच. कॉलेजात ध्वनिशास्त्र शिकवत. कुवेतजवळच्या फैलका बेटावर एके काळी ग्रीक लोक राहत होते, त्यावर एक कार्यक्रम होणार होता. त्यात दोन हजार वर्षांपूर्वीचं ग्रीक वाद्य वाजवून दाखवायचं होतं. दोन नळ्या एकाच माणसाने एकदम तोंडात धरायच्या, एकेका हाताने एकेक वाजवायची. जुन्या मोडक्या नळ्यांची मापं मिळाली होती, काही लिहून ठेवलेल्या सुरावटीही मिळाल्या होत्या. पण वाजवायचं कसं, ते सांगणारा कोणी उरला नव्हता.

नळ्या तयार झाल्या त्या दिवशी यूसुफ सरांनी नळ्यांच्या तोंडाला प्लॅस्टिकच्या पत्त्या लावून फुंकून पाहिलं. दर ओळीला थांबून ते धापा टाकत. प्रभाकरने नळ्या मागून घेतल्या, पुसल्या, ओठांत धरल्या आणि एकच सूर लावला. गाल फुगले, नाकाने श्वास आत गेला, गालांतली हवा नळीत गेली. सूर तुटला नाही. यूसुफ सरांनी घड्याळ लावलं होतं : दोन मिनिटं दहा सेकंद.

"हे कुठे शिकलात?"

"बापाजवळ. तो देवळात सनई वाजवायचा, मी मागं सूर धरायचो. पपईच्या देठाची नळी करून पाण्यात फुंकायला लावायचा. बुडबुडे थांबले की पाठीत धपाटा."

"आणि सनई?"

"ती कधी हातात आली नाय. सूर धरणारा सूरच धरतो." तो हसला. "मग इकडं आलो. बाप गेला तेव्हाही इकडंच होतो."

यूसुफ सर म्हणाले, "काका, कार्यक्रमाच्या गुरुवारी तुम्हीच वाजवा. पूर्ण ट्यून. स्टेजवर."

तीन आठवडे प्रभाकर जेवणाच्या सुट्टीत बोटं बसवत होता. एकोणसाठ वर्षांच्या आयुष्यात पहिल्यांदाच कोणीतरी त्याला पुढे बसून वाजवायला सांगितलं होतं. डिसेंबरात करार संपत होता, मग कायमचं गाव. त्याआधी हा एक गुरुवार. प्लॅस्टिकची पत्ती मात्र त्याला पटत नव्हती. यूसुफ सरांनी कुठूनतरी सावलीत दोन वर्षं वाळवलेला बोरू मागवला. ताज्या बोरूची पत्ती चालत नाही, फुगते. आणि दोन वर्षं वाळलेला मिळाला तो एवढाच.

कार्यक्रमाच्या आठवड्यात सोमवारी त्याने पहिली पत्ती तासली. तुकडा भिजवला, टोक दाबून चपटं केलं, चाकूने पापुद्रे काढले. ओठांत धरून फुंकली. आवाज बुजलेला आला, तोंडावर गोधडी घेतल्यासारखा. बाप म्हणायचा, पत्ती बोलेपर्यंत तासायची. त्याने आणखी तासली. पुन्हा फुंकली.

"काका!" सुदेशने दोन्ही कानांवर हात ठेवले. "कानात सुई घातल्यागत होतंय!"

"तुम्हा पोरांचे कान हेडफोन लावून नाजूक झालेत."

"नाय वो, खरंच सांगतोय. ह्याच्यापेक्षा माझा ग्राइंडर बरा."

"ग्राइंडर बरा म्हणे! देवळात सनई ऐकलीयस कधी जवळून?" प्रभाकरने चाकू पुन्हा उचलला.

पत्ती अजून बोलत नव्हती. बुधवारपर्यंत त्याने सहाही तासून एका ओळीत मांडल्या. सगळ्या सारख्या. हातात चूक नव्हती.

बुधवारी दुपारी यूसुफ सर आले. प्रभाकरने वाजवलं. पहिल्याच फुंकेला सरांची मान मागे गेली. व्हर्निअर घेऊन त्यांनी सहाही पत्त्यांची टोकं मोजली. पॉइंट चार मिलिमीटर हवं होतं. पॉइंट एक आठ होतं.

"का इतकी पातळ केलीत, काका?"

"बुजलेली होती सर. बोलत नव्हती."

सरांनी फोन काढला, काहीतरी दाबलं आणि तो टेबलावर ठेवला. प्रभाकर वाट बघत राहिला. सर त्याच्याकडे बघत होते, सुदेशही. 

"लावा ना सर," प्रभाकर म्हणाला.

सुदेशने मान खाली घातली. "लागलाय, काका," तो म्हणाला. "बारीक सूर, मघापासून वाजतोय."

कंप्रेसर तेवढा सुरू होता. तो मात्र त्याला नीट ऐकू येत होता.

यूसुफ सरांनी प्लॅस्टिकच्या पत्त्या नळ्यांना लावून दिल्या. "याच्यावर करून बघू." प्रभाकरने सुरावट सुरू केली. बोटं बरोबर पडत होती, श्वास तुटत नव्हता. चौथ्या ओळीवर सरांनी हात वर केला.

"वरच्या सुराची नळी चिरकतेय. तुम्ही ओठ जास्त दाबता. कळतंय का तुम्हाला?"

हो म्हणता आलं असतं. प्रभाकरने नळ्या तोंडातून काढल्या, कापडाने पुसल्या आणि सरांच्या पुढे ठेवल्या.

"नाय कळत," तो म्हणाला. "उद्या तुम्हीच वाजवा."

गुरुवारी सकाळी सुटी टाकून तो हवल्लीच्या एका क्लिनिकमध्ये गेला. कान तपासणारी विशाखा पुण्याची होती. मराठी ऐकून तिने खुर्ची पुढे केली.

"कानात काही घालत होतात का, काका, कामावर?"

"कापूस."

"कापसाने काही होत नाही हो."

तिने त्याला काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवले, हातात बटन दिलं. आवाज आला की दाबायचं. सुरुवातीचे जाड सूर आले, त्याने दाबलं. मग शांतता झाली. काचेतून विशाखाचा हात मशीनवर हलताना दिसत होता. हात हलला म्हणजे आवाज सोडला, हे लेथवाल्याला कळायला वेळ लागला नाही. त्याने खुर्ची उचलून फिरवली आणि भिंतीकडे तोंड करून बसला.

बाहेर आल्यावर विशाखा म्हणाली, "मशीन लावलं तर बोलणं कळेल. तुम्ही दोन्ही कानांना..."

"सूर जुळवता येईल का?"

तिने कागदावरची उतरती रेघ पाहिली. "काका, गेलेलं परत नाही येत यात."

"बरं," तो म्हणाला.

संध्याकाळी तो कार्यक्रमाला गेला. तिसऱ्या रांगेत बसला. यूसुफ सरांनी आधी सांगितलं की या नळ्या प्रभाकर घडशी यांनी घडवल्या. चार लोकांनी वळून पाहिलं, भलत्याच माणसाकडे. मग वादन सुरू झालं. खालच्या नळीचा सूर त्याच्यापर्यंत आला. वरची नळी भिंतीपलीकडे कोणी बोलावं तशी येत होती. यूसुफ सरांचे खांदे मात्र स्पष्ट दिसत होते. सात वेळा ते श्वासासाठी थांबले, सात वेळा दोन्ही सूर तुटले. हे तुटायला नको, हे समोर बसलेल्यांत एकालाच ठाऊक होतं. टाळ्या वाजल्या. त्यानेही वाजवल्या.

शनिवारी जेवणाच्या सुट्टीत कंप्रेसर बंद होता. प्रभाकरने हवेच्या निळ्या नळीचा वीतभर तुकडा कापला आणि बादलीत पाणी भरून आणलं.

"हे काय आता?" सुदेशने विचारलं.

"घड्याळ लाव. बुडबुडे थांबले की सांग."

त्याने नळीचं एक टोक पाण्यात सोडलं, दुसरं ओठांत धरलं, आणि पाण्याकडे बघत फुंकायला सुरुवात केली. गाल फुगले, बसले, पुन्हा फुगले. सुदेश डबा तसाच ठेवून बादलीशी उकिडवा बसला.

चार मिनिटं बावीस सेकंद. मध्ये खंड नाही.